दोरीच्या आतलं घर
शुक्रवारी दुपारी गित्तेल ज्यू मंडळासोबत राजधानीतून परतताच सिनेगॉगच्या खिडकीतून डेल्मीने हाक मारली, “आजी, तिसऱ्या खांबावरची दोरी तुटलीय!” कागदपत्रांवाचून आश्रयाला आलेल्या त्या पोरीने आठ महिने खिडकीशीच काढले होते. प्रार्थनास्थळात शिरून तिला कोणी धरत नव्हते. बाहेर हद्दपारीची गाडी कोपऱ्यावर उभीच असे. “आम्हाला इथे राहू देणाऱ्या नव्या कायद्याचं काय झालं?” तिने विचारले. “संसदेच्या समितीने मला बोलायला दोन मिनिटं दिली आणि तुला पुढची तारीख.” सूर्य मावळण्यापूर्वी शिडीवर चढून गित्तेलने दोरी सांधली. “वस्तीभोवती ही दोरी बांधली की तुमच्यात शब्बाथच्या विश्रांतीच्या दिवसापुरती अख्खी वस्ती एकच घर मानतात ना?” “हो गं.” “मग मी घरातच आहे की! अंगणात येऊ?” डेल्मी हसत उंबऱ्यापर्यंत आली. ‘माणसांसाठी दारं उघडा’ असे सकाळीच सभागृहात सांगून आलेल्या गित्तेलने कोपऱ्यावरच्या गाडीकडे पाहिले, शिडी उचलली आणि तिच्यासमोर दारात आडवी धरली.