तिसरा न्यायाधीश

"वाचा, परत वाचा," व्हर्ना म्हणाली.

वकील एबलिंगनी न्यायालयानेच छापलेला न्यायमूर्ती होमर ट्रिबल यांचा परिचय पुन्हा वाचला. वडील शेरीफ, म्हणजे काउंटीचे पोलीसप्रमुख. नोकरी सांभाळून कायद्याचं शिक्षण. सतरा वर्षं इथल्याच कार्व्हर काउंटीत सरकारी वकील, नऊ वर्षं खालच्या कोर्टात न्यायाधीश आणि आता राज्याच्या अपील न्यायालयात.

व्हर्ना शाळेची बस चालवते. तिचा भाऊ डेल एकोणीस वर्षं खुनासाठी तुरुंगात आहे. खुन्याचा चेहरा आपल्याला दिसलाच नाही, असा जबाब एकुलत्या एका साक्षीदार बाईने कोर्टात डेलला ओळखण्याआधी दिला होता. कार्व्हरच्या सरकारी वकिलांनी तो कागद दडपला. कोडगेपणा तरी किती! तो आता सापडला, आणि अपील ऐकणाऱ्या तिघांत हे ट्रिबल.

"डेलचा खटला त्यांनी चालवला नव्हता," एबलिंग म्हणाले.

"ऑफिस तेच ना? एका ताटात जेवलेत ते. आपल्याच माणसांचं पाप हा बाहेर काढणार होय?"

एबलिंगना ते पटलं. शिवाय या न्यायालयाची रीत अशी की, तिघांपैकी एक जण सुनावणीआधीच कागद वाचून निकालाचा मसुदा लिहितो. ते काम ट्रिबलकडे गेलं असलं तर डेलचं संपलंच होतं. त्यांनी ट्रिबलना हटवण्याचा अर्ज कडक शब्दांत लिहिला. शेरीफ बापापासून सगळं काढलं.

आठवड्याभरात ट्रिबल एका ओळीचं पत्र देऊन बाजूला झाले. त्यांच्या जागी दुसरे न्यायाधीश आले. व्हर्नाने बस डेपोत सगळ्यांना घरी भाजलेला गोड पीच पाय खिलवला.

अकरा आठवड्यांनी निकाल लागला. दोन विरुद्ध एक. अपील फेटाळलं.

व्हर्ना एबलिंगच्या ऑफिसात येऊन उभी राहिली. नवा न्यायाधीशही डेलच्या विरुद्ध गेला होता. बाजूने होत्या फक्त न्यायमूर्ती आयना कल्पेपर. त्यांचं वेगळं मत बारा पानांचं होतं.

एबलिंगनी त्यातलं वाचून दाखवलं. 'त्या कार्यालयात अडचणीच्या कागदांचं काय होत असे, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. गप्प बसलेला प्रत्येक जण या एकोणीस वर्षांचा अपराधी आहे.'

व्हर्नाला रडू फुटलं. एवढं स्पष्ट आजवर कुणी बोललं नव्हतं.

"एक तरी माणूस निघालं तिथे," ती म्हणाली. "बाईंना फुलं पाठवते मी."

 एबलिंगनी शेवटचं पान तिच्यापुढे सरकवलं. कल्पेपर यांच्या सहीखाली बारीक अक्षरांत तळटीप होती.

'वरील मजकूर माझा नाही. डेलची सुटका करणाऱ्या निकालाचा हा मसुदा न्यायमूर्ती ट्रिबल यांनी, त्यांना हटवण्याचा अर्ज येण्याच्या दोन दिवस आधी लिहिला. तेव्हा तिघांपैकी आम्ही दोघे सहमत होतो.'