पहिलं पाऊल

टेटच्या सकाळी, म्हणजे आमच्या नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी, उंबऱ्यात पहिलं पाऊल ज्याचं पडतं त्याच्यासारखंच वर्ष जातं. म्हणून तो पाहुणा आम्ही पारखून बोलावतो.

शेजारच्या लुआ मावशीचा मुलगा तोआन जमीन कचेरीत साहेब. एकेका सहीसाठी त्यानं अख्खं गाव नागवलं. चहाच्या टपरीवर आम्ही बायका त्याला घुण म्हणायचो, जळू म्हणायचो, माणसं पोखरणारा किडा म्हणायचो. मावशी येताना दिसली की लगेच तांदळाच्या भावावर यायचो. तिला बिचारीला काही ठाऊक नाही, अशी आमची समजूत.

या टेटला तोआन सकाळीच पीचच्या फुलांची फांदी घेऊन तिच्या फाटकाशी आला. आम्ही खिडक्यांच्या फटींतून बघत होतो.

"तिथेच थांब," मावशी दारातून म्हणाली.

"अगं आई, मी आहे."

"दिसतंय मला. आधी दुसरं कुणी येऊ दे, मग तू ये."

"कोण येणारे तुझ्याकडे?"

फांदी फाटकाला अडकवून तो निघून गेला.

दुपार टळली. मावशी चहा पुन्हा पुन्हा तापवत राहिली. शेवटी ती फाटकाशी आली आणि आमच्या खिडक्यांकडे बघत म्हणाली,

"घुण म्हणा, जळू म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा. पण आत येऊन म्हणा गं बायांनो."