लग्नानंतरचं आडनाव

आयर्लंडच्या मेयो परगण्यातल्या एका गावात राहणाऱ्या एथना हेनेगनचं लग्न डेरिल बर्डशी ठरलं. तो ऑस्ट्रेलियाचा, पण त्याचे पणजोबा याच गावातून बोटीनं गेलेले. "मी काही बर्ड लावणार नाही!" एथनानं ठणकावलं. डेरिलही हटेना. लग्न मोडायची वेळ आली.

तेव्हा एथनाचे वडील हसून म्हणाले, "अरे, आयरिशमध्ये 'एन' म्हणजे पक्षी. इंग्रजांच्या कारकुनाला 'हेनेगन'मध्ये तोच ऐकू आला, आणि त्यानं कित्येकांना बर्ड करून टाकलं. आपल्या गावचे बर्ड मूळचे हेनेगनच! आणि घाबरू नका, नातं लागत नाही. इथं निम्मं गाव हेनेगन आहे."

डेरिलनं आनंदानं हेनेगन लावलं.



चर्चच्या दारात एथनाची आई डोळे पुसत म्हणाली, "लेकीची पाठवणी करायला आले होते, हा तर जावईच माहेरी आला!"