अळ्यांचं वय

"म्हणजे आम्ही शोध थांबवला, तेव्हा माझा ओजस जिवंत होता?" विश्राम मोकाशींनी विचारलं.

डॉक्टर हेमलतांच्या टेबलावर काचेच्या बाटलीत अळ्या होत्या, दरीत सापडलेल्या मोकाशींच्या मुलाच्या देहावरच्या. माणूस गेला की थोड्याच वेळात माशी अंडी घालते आणि अळ्यांच्या वाढीवरून मृत्यूची वेळ कळते, हे डॉक्टरांनीच आत्ता समजावलं होतं. या अळ्या फारच लहान होत्या.

"हो," त्या हळूच म्हणाल्या. "त्यानंतर एखादा दिवस तरी."

शोधपथकातला एकजण घसरून जखमी झाला, तेव्हा 'आता पुरे' असं मोकाशींनीच सांगितलं होतं. ते उठून बाहेर गेले.

बाकावर बसलेली त्यांची बायको घाईने उठली. "अहो, काय म्हणाल्या मॅडम?"

"पडला तेव्हाच गेला गं. त्याला काही कळलंसुद्धा नाही."

तिने दारात आलेल्या डॉक्टरांकडे पाहिलं.

"हो ताई," डॉक्टर म्हणाल्या.

"तडफडला नाही माझा बाळ," म्हणत तिने नवऱ्याच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि ती पहिल्यांदाच मोकळेपणी रडली. मोकाशी तिला थोपटत राहिले. त्यांना मात्र रडताही येईना.