धाग्याचं टोक

रंगसंगती, टाके, लोकरीची निवड, सगळं शिकवून झाल्यावर विणकामाच्या बाईंनी उसवायला जुने स्वेटर आणायला सांगितले. त्यांच्या सुनेने पिशवीतून राखाडी स्वेटर काढला. मुलगा लग्नाआधी नोकरीसाठी परगावी निघाला, तेव्हा बाईंनीच त्याच्यासाठी तो विणला होता. “आई, कपाटात नुसताच पडून होता. ह्यांना विचारलं, तर म्हणाले, ‘असेल कुणाचा तरी, उसव खुशाल.’” बाईंनी बाह्यांचे कोपर चाचपले. वापरलेल्या लोकरीवर घासून बारीक गोळे येतात. इथे एकही नव्हता. सून गळ्यापाशी धाग्याचं टोक शोधून दमली. “विणणारी भलतीच बेरकी दिसते! टोक कुठे गाडलंय कोण जाणे!” वर्ग हसला. बाईंनी स्वेटर उलटा केला, डाव्या खांद्याच्या शिवणीत नख घातलं आणि टोक बाहेर ओढलं. “अय्या! तुम्हाला कसं सापडलं?” “सवयीने,” बाई म्हणाल्या आणि लोकर गुंडाळायला दोन्ही हात पुढे केले. “ओढ आता.”