देवीच्या नावाचा फेरा

आकाशपाळणा थांबला, माणसं उतरू लागली, पण तातोबा जागचे हलेनात. जत्रांमधून हाताने लाकडी पाळणा ढकलण्यात त्यांचा जन्म गेला. स्वतः बसायला मिळालं ते आज, लेकीने हट्टाने थीम पार्कात आणल्यावर.

"काका, उतरा आता," बटणापाशी उभी असलेली पोरगी म्हणाली.

"असं कसं? देवीच्या नावाचा फेरा राहिला की! पैशाचे फेरे संपल्यावर एक फुकट द्यायचा असतोय."

"आबा, लोक बघतायत," लेक शरमेने कुजबुजली.

"आमच्या गावच्या जत्रेतही द्यायचे," बटणापाशची पोरगी हसून म्हणाली. उतरलेली माणसं धावत परत चढली, आणि तिने बटण दाबलं.

संध्याकाळी निघताना फाटकापाशी तातोबांनी वळून पाहिलं. पाळणा थांबला होता आणि एकही माणूस उतरायला तयार नव्हता.