फोटोतली गाठ

सोमेशच्या निर्दोष सुटकेविरुद्ध सरकारनं अपील केल्याची नोटीस आली, तशी नीलम्मा लेकाला घेऊन कबनूरहून कोल्हापुरात राजारामपुरीत वकिलाकडं आली. तीस वर्षं मागावरचे तुटलेले धागे सांधून तिची बोटं झिजलेली. त्याच बोटांनी तिनं लेकाचं मनगट घट्ट धरलं होतं.

"घाबरू नका मावशी," वकील म्हणाले. "गांजाची पिशवी पोलिसांनीच याच्या गाडीच्या डिकीत ठेवली, असं खालच्या कोर्टात सांगितलं. हायकोर्टातबी तेच सांगायचं."

"व्हय अव्वा, त्यांनीच बांधून आणलेली," सोमेश आईला म्हणाला.

वकिलांनी अपिलाच्या कागदांतला पिशवीचा फोटो पुढं सरकवला. नीलम्मा तो पहिल्यांदाच बघत होती. पिशवीचं तोंड सुतानं बांधलेलं. गाठ बारीक, मागाच्या फणीत न अडकणारी. आणि फेरा उलटा, डावखुऱ्या माणसानं घेतलेला.

फोटो ओढून घ्यायला सोमेशनं डावा हात पुढं केला.

नीलम्मानं त्याचं मनगट सोडलं.

"वकीलसाहेब, ही गाठ पोलिसांची न्हाय. मीच शिकवलीय ह्याला."